पासष्टी आणि एकवीस हजार

आमच्या गावाकडच्या एका आत्याबाईंना २०२५ च्या जानेवारीत पासष्ट वर्षं पूर्ण झाली. जन्मतारीख त्यांना ठाऊक नाही. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला जात होतो आणि तेव्हा परकर नेसत होतो, एवढंच त्या खात्रीने सांगतात. आधार कार्ड काढताना कुणीतरी अंदाजाने साल सांगितलं आणि यंत्राने त्याला १ जानेवारी चिकटवली. त्या दिवशी घरात कुणी औक्षण केलं नाही, पण सरकारदरबारी मोठी उलथापालथ झाली. त्या दिवसापासून आत्याबाई ‘लाडकी बहीण’ राहिल्या नाहीत.

सहा हप्ते मिळाले होते. सातवा आला नाही, तरी बाईंचा जीव काही घाबरा झाला नाही, कारण पासष्टनंतर ‘श्रावणबाळ’ असतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना हे त्याचं कागदावरचं नाव. गावात निवृत्तिवेतन कुणी म्हणत नाही, ‘पगार’ म्हणतात. "म्हातारीला पगार चालू झाला का?" असं विचारतात. जन्मभर राबूनही ज्यांना कधी पगार मिळाला नाही त्यांचा हा पहिलाच पगार, म्हणून मला तो शब्द सरकारी शब्दापेक्षा बरा वाटतो. या पगाराची रक्कमही महिना १,५०० रुपयेच. आत्याबाईंचा हिशेब सरळ होता. देणारं सरकार तेच, पैसे तेवढेच, बाई तीच. बहिणीच्या यादीतून नाव निघून आईच्या यादीत जाणार, एवढंच.

पण लाडक्या बहिणीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं आणि श्रावणबाळाला २१,००० च्या वर चालत नाही. म्हणजे बाईचं वय एका रात्रीत एक दिवसाने वाढलं आणि गरिबीची मर्यादा जवळजवळ बारा पटींनी खाली आली. श्रावणबाळाच्या कावडीत बसायचं तर वजन फारच कमी असावं लागतं.

हे २१,००० म्हणजे नक्की किती, ते जरा मांडून बघू. महिन्याला १,७५०, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. आणि तेही एका माणसाचे नव्हेत, कुटुंबाचे. नवरा-बायको दोघंच धरली तर माणशी २९ रुपयेसुद्धा पडत नाहीत. २०११ च्या सप्टेंबरात योजना आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन शहरात माणशी दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपयांची रेषा सांगितली, तेव्हा देशभर केवढा गहजब झाला होता. बत्तीस रुपयांत जगून दाखवा, अशी आव्हानं टीव्हीवरून दिली जात होती. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा माणशी महिना ९६७ रुपये निघाली. तो खर्चाचा आकडा आहे, उत्पन्नाचा नाही, हे खरं. तरी दोन माणसांचे वर्षाचे २३,२०८ होतात. म्हणजे बरोबर दारिद्र्यरेषेवर जगणारं म्हातारं जोडपंसुद्धा, त्या सालच्या भावाने, श्रावणबाळाच्या दृष्टीने खाऊनपिऊन सुखी होतं. दोनाऐवजी पाच तोंडं असतील तर त्या रेषेचा आकडा ५८,००० च्या पुढे जातो. मर्यादा मात्र माणसं मोजत नाही. एकट्या विधवेलाही २१,००० आणि सहा जणांच्या कुटुंबालाही २१,०००.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचंही तेच. ही १९८० पासूनची, पासष्टच्या आतल्या निराधारांसाठीची योजना. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अनाथ मुलं, दिव्यांग, कर्करोग किंवा पक्षाघातासारख्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले, तुरुंगातल्या कैद्याची बायको, देवदासी, तृतीयपंथी, पस्तिशी उलटलेली अविवाहित बाई अशी तिची यादी बरीच लांब आणि खरं सांगायचं तर बरीच समंजस आहे. समाजात कोण कोण एकटं पडतं याचा विचार करून ती कुणीतरी लिहिली असावी. त्या यादीच्या दाराशी मात्र तेच २१,००० उभे. दिव्यांगांसाठी तेवढी मर्यादा ५०,००० केलेली आहे.

दशकाहून अधिक काळ तो आकडा जागचा हललेला नाही, आणि हलला नाही म्हणजे काय झालं हे समजून घेण्यासारखं आहे. याच काळात अनुदानाची रक्कम वाढत गेली: आधी महिना ६०० रुपये, २०१९ मध्ये १,०००, २०२३ मध्ये १,५००. दिव्यांग लाभार्थ्यांचे २०२५ मध्ये २,५०० करण्याचा निर्णय झाला. प्रत्येक वाढीची घोषणा झाली, टाळ्या पडल्या, फलक लागले. पण रुपयाची किंमत दरवर्षी घसरत असताना मर्यादा तशीच ठेवणं म्हणजे दरवर्षी थोडी माणसं बाहेर काढणं, आणि त्याची घोषणा कुणाला करावी लागत नाही. शासन निर्णय निघत नाही, विधानसभेत गोंधळ होत नाही. नुसतं काही न करण्याने योजना आकसत जाते.

रोजगार हमीशी ताडून पाहिलं की यातली गंमत, म्हणजे थट्टा, नीट दिसते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती आणि कायद्याने हमी होती शंभर दिवसांची. शंभर दिवसांचे ३१,२००. सदुसष्ट दिवस काम केलं तर २०,९०४ होतात. अडुसष्टाव्या दिवशी सकाळी कुदळ हातात घेतली की कुटुंब २१,००० ओलांडतं. एका खात्याने दिलेली हमी पुरी वापरली तर दुसऱ्या खात्याच्या हिशेबी तुम्ही निराधार उरत नाही. हे सगळं एकाच तहसील कार्यालयाच्या दोन टेबलांवर घडतं.

मग मर्यादा इतकी अशक्य असताना लाखो लोकांना हे अनुदान मिळतं कसं?

त्याचं उत्तर मला सेतू केंद्राच्या बाकावर मिळालं. आत्याबाईंबरोबर मी उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो होतो. नाव तालुक्याचं सांगत नाही; कुठल्याही तालुक्याला ते चालेल. खिडकीशी बसलेल्या मुलाने आधार आणि रेशनकार्ड हातात घेतलं आणि मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, "दाखला कशाला पाहिजे?" माझी कल्पना अशी होती की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पहिला प्रश्न ‘उत्पन्न किती?’ असा असेल. मी म्हटलं, "श्रावणबाळला." तो म्हणाला, "मग एकवीसच्या आत लागंल." आणि स्वयंघोषणापत्राचा कोरा नमुना पुढे सरकवला. आमच्या मागे एक पोरगा शिष्यवृत्तीसाठी आला होता, त्याला अडीच लाखांच्या आतला हवा होता. त्याच्या मागचे गृहस्थ कुणाला तरी जामीन राहणार होते, त्यांना ऐपतीचा दाखला पाहिजे होता, म्हणजे आकडा जितका फुगेल तितका बरा. गरिबीचा आणि ऐपतीचा दाखला एकाच इमारतीतून निघतो आणि दोन्हींवर तीच सही असू शकते.

त्या मुलाला मी दोष देत नाही. तो अनुभवी होता. रोज शंभर माणसं येतात, त्यांतल्या नव्वद जणांचं उत्पन्न कुठल्याच कागदावर नसतं. नोकरदाराचा ‘फॉर्म सोळा’ असतो. तो जोडला की संपलं. बाकीच्यांसाठी सातबारा आणि आठ-अ बघायचं, तलाठ्याचा अहवाल घ्यायचा (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, म्हणतं कुणी नाही), आणि तहसीलदारांच्या नावे आकडा छापायचा. वेगवेगळ्या योजनांच्या मर्यादा ठरलेल्या, त्यामुळे आकडेही ठरलेले. दाखल्यावरचं उत्पन्न मोजलेलं नसतं. ते बेतलेलं असतं, शिंपी कापड बेततो तसं, योजनेच्या मापाने.

आता खरं मोजायचंच म्हटलं तर काय होतं? त्या संध्याकाळी आत्याबाईंच्या ओट्यावर बसून मी प्रयत्न केला. एक एकर जिराईत. सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. पाच क्विंटल झालं, पण बियाणं, फवारणी, मळणीयंत्राचं भाडं वजा करायचं की नाही? दाखल्याच्या नमुन्यात शेतीचं उत्पन्न एका ओळीत लिहायचं असतं. खर्चाला तिथे ओळ नाही. शेळ्या तीन. एक बोकड आषाढात विकला. ते उत्पन्न की मोडलेली ठेव? खुरपणीला त्या जातात, "अंगात ताकद आसंल तवा". किती दिवस, हे त्यांनी कधी मोजलेलं नाही. घरच्या तुरीची डाळ वर्षभर खाल्ली, तिची किंमत धरायची का? मुलगा भोसरीला कंत्राटी कामावर आहे. तो दिवाळीला पाच हजार देतो, आणि कधी कधी आत्याबाईच नातवाच्या फीसाठी तीन हजार परत पाठवतात. आत्याबाई मधेच म्हणाल्या, "आरं, आलेलं लिहितूस तसं गेलेलं बी लिही की." मी वही मिटली. माझ्या अंदाजाने त्या दोघा नवरा-बायकोंचं वर्षाचं चाळीस-पन्नास हजारांवर काही जात नव्हतं, पण शपथेवर सांगा म्हणाल तर मी सांगणार नाही. शपथ मात्र अंगठा उठवून आत्याबाईंनी सकाळीच घेऊन टाकली होती.

कुटुंब कशाला म्हणायचं हा याहून बेरकी प्रश्न. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. लग्न झालेला मुलगा त्याच छपराखाली राहत असला तरी त्याची कमाई धरत नाहीत. निराधार योजनेत विधवेचा मुलगा मोठा होऊन कमावता झाला की तिचं अनुदान थांबवण्याची तरतूद. मुलगा आईला विचारतो की नाही हे बघायला मात्र नियम घरात शिरत नाही. रेशनकार्डावर कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. म्हणून गावोगाव चुली वेगळ्या होतात. भिंत नाही, भांडण नाही, सासू-सून एकाच परातीत भाकरी थापतात, पण म्हातारा-म्हातारीचं रेशनकार्ड वेगळं काढलेलं असतं. विभक्त कुटुंबपद्धतीबद्दल समाजशास्त्रज्ञ जे लिहितात त्यातला काही भाग शासन निर्णयांनी घडवलेला आहे, असा मला दाट संशय आहे.

रेशनकार्डाच्या रंगांनाही असेच आकडे चिकटलेले आहेत. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंग आले: वर्षाला १५,००० पर्यंत पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, पुढे पांढरं. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा लागू करताना स्वस्त धान्याच्या प्राधान्य कुटुंबांसाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० अशी मर्यादा घातली गेली. तेव्हा एकच बाई धान्यासाठी गरीब, पगारासाठी श्रीमंत, आणि लाडकी बहीण म्हणून अडीच लाखांच्या आत बिनदिक्कत पात्र, अशी एकाच वेळी तीन ठिकाणी तीन प्रकारची असू शकते. आत्याबाईंचं कार्ड केशरी. लाडकी बहीणसाठी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला लागतच नव्हता, म्हणून तेव्हा हा सगळा खटाटोप करावा लागला नव्हता. आठ लाखांची तर आणखी मजा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणासाठी आठ लाख मोजताना पगार, शेती, धंदा सगळं धरतात. इतर मागासवर्गीयांच्या क्रीमी लेअरची मर्यादाही आठ लाखच, पण त्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आकडा एकच, पण त्यात काय काय भरायचं ते वेगळं.

उत्पन्न हाती लागत नाही हे सरकारलाही फार पूर्वी कळलं होतं. म्हणून दुसरी वाट निघाली: उत्पन्न विचारू नका, घरात डोकावून बघा. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. कमी गुण तो गरीब, म्हणजे शाळेच्या बरोबर उलटा निकाल. जमीन किती, घर कसलं, संडास कुठे, कर्ज कुणाचं, लिहिता-वाचता येतं का, हे ठीक. पण एक प्रश्न अंगावरच्या नेहमीच्या कपड्यांचा होता: माणशी दोनाहून कमी, दोन ते चार, चार ते सहा, अशी चढती भाजणी. दुसरा जेवणाचा: वर्षातला बराच काळ दिवसातून एकदाही पोटभर मिळत नाही, इथपासून पुढे. ज्याने हे प्रश्न केले त्याचा हेतू वाईट नसावा. पण दारात उभं राहून परक्या माणसाने बाईला लुगडी किती म्हणून विचारायचं आणि तिने चारचौघांत सांगायचं, हे कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं नसतं. खरी अडचण त्याहून वेगळी. यादी एकदा झाली की ती दगडावरची रेघ होते. ‘रेषेत नाव आहे का?’ हा प्रश्न गावात आजही कानावर येतो. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनासाठी रेषेतलं नाव लागतं. त्यात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा जवळपास दोन दशकं महिना २०० रुपयेच राहिला आहे, वरची भर राज्य घालतं. यादीत नाव असलेला मधल्या काळात वर आला तरी नाव राहतं, आणि नंतर बुडालेल्याला यादीत जागा नसते. आत्याबाईंचं नाव रेषेत नाही. २००२ साली त्यांच्याकडे बैलजोडी होती.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेत गुण गेले आणि ‘असेल तर बाद’ अशी यादी आली. घरात दुचाकी असेल तर बाद, मासेमारीची यांत्रिक होडी असेल तर बाद, फ्रीज, लँडलाइन फोन, घरातल्या कुणाची महिन्याला १०,००० वर कमाई, पन्नास हजारांवर मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, पक्क्या भिंतींच्या तीन खोल्या, बाद. वस्तू उत्पन्नापेक्षा प्रामाणिक साक्ष देतात ही कल्पना चांगली होती, फक्त वस्तूंना वय असतं हे तिच्या लक्षात आलं नाही. हप्त्यावर घेतलेली जुनी दुचाकी २०११ मध्ये कदाचित सुबत्तेची खूण असेल; आज बांधकामाच्या साइटवर जाणाऱ्या गवंड्याला ती थापीइतकीच लागते. ग्रामीण घरकुल योजनेत २०२४ मध्ये दुचाकी, होडी, फ्रीज आणि लँडलाइन या अटी काढून टाकल्या आणि कमाईची मर्यादा १५,००० केली. काढल्या तेव्हा लँडलाइन फोन तर श्रीमंतांच्या घरातूनही गेला होता.

लाडकी बहीण योजनेत हेच पंधरा दिवसांच्या आत घडलं. २०२४ च्या जून अखेरीस घोषणा झाली तेव्हा पाच एकरांहून अधिक जमीन नसावी अशी अट होती, जुलै उजाडताच ती गेली. राहिलं काय, तर चारचाकी नको (ट्रॅक्टर चालेल), घरात आयकर भरणारा नको, सरकारी नोकर नको. याचा एक फायदा निर्विवाद आहे: परिवहन खात्याची, आयकराची नोंद संगणकावर असते, ती तलाठ्याच्या अंदाजावर अवलंबून नसते. त्या नोंदी लावून पाहिल्यावर २०२५ च्या मध्यात सुमारे २६ लाख अर्ज अपात्र दिसत असल्याचं सरकारनेच सांगितलं. बहिणींच्या यादीत चौदा हजारांहून अधिक भाऊही सापडले. मग छाननी, मग बहिणीबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार जोडण्याची ई-केवायसी. आणि ज्या बाईला नवरा नाही, वडील नाहीत, तिने कुणाचं जोडायचं? चाळण बारीक केली की खडे अडकतात तसे दाणेही अडकतात. खोटा आत शिरला की बातमी होते, खरा बाहेर राहिला तर तो मुकाट्याने घरी जातो. त्यामुळे प्रत्येक गाजलेल्या घोटाळ्यानंतर नियम कडक होतात, आणि कडक नियमांचा भार ज्याच्याकडे कागद कमी त्याच्यावर पडतो.

एकाच आकड्याशी सगळं थांबवण्यात आणखी एक खोट आहे. ज्याचं उत्पन्न २१,००० भरलं त्याला वर्षाला अठरा हजार मिळतात, त्याचे ३९,००० होतात. ज्याचं २१,१०० भरलं त्याला छदामही नाही. शंभर रुपये जास्त कमावण्याची शिक्षा अठरा हजार. जिना नाहीच, सरळ कडा. अशा कड्यापाशी माणूस काय करतो? शंभर रुपये लपवतो. आणि सरकार त्याला लबाड म्हणतं.

दक्षिण आफ्रिकेत हाच तिढा त्यांनी कसा सोडवला ते सांगतो, कारण त्यांची गोष्ट आपल्याशी फार जुळते. तिथे १९९८ मध्ये लहान मुलांसाठी अनुदान सुरू झालं, मुलामागे महिना १०० रँड. सांभाळणाऱ्याच्या उत्पन्नाची मर्यादा शहरात महिना ८०० रँड, खेड्यापाड्यात आणि झोपडवस्तीत १,१००. पुढची दहा वर्षं अनुदान वाढत गेलं आणि मर्यादा तिथेच रुतून बसली, अगदी आपल्यासारखी. २००८ मध्ये त्यांनी आकडा बदलला नाही, आकड्याऐवजी सूत्र आणलं: एकट्या पालकाला मासिक अनुदानाच्या दहा पट, जोडप्याला वीस पट. २०२४ मध्ये अनुदान ५३० रँड होतं तेव्हा एकट्या आईची मर्यादा आपोआप महिना ५,३०० झाली. अर्थमंत्र्याने अनुदान वाढवल्याची टाळी घेतली की मर्यादाही त्याच वाक्यात वाढते. विसरायची सोयच नाही. त्यांच्या वृद्धांच्या अनुदानात तर कड्याऐवजी उतार आहे: उत्पन्न जसं वाढतं तसं अनुदान कमी कमी होत जातं, एकदम तुटत नाही. उताराला मोजमाप नेमकं लागतं, आणि ते आपल्याकडे कसं होतं ते वर सांगितलंच. पण पटीच्या सूत्राला काहीच लागत नाही. श्रावणबाळाला दहा पट लावली असती तर १,५०० च्या अनुदानाबरोबर मर्यादा महिना १५,००० झाली असती, वर्षाला १,८०,०००. लाडक्या बहिणीच्या अडीच लाखांच्या आतच. तिजोरीवरचा भार वाढला असता, हे उघड आहे. पण तो भार नको असेल तर तसं सांगावं; रुपया झिजण्याची वाट बघत बसू नये.

परीक्षा न घेताही गरीब ओळखता येतो, हे खरं तर महाराष्ट्रानेच देशाला दाखवलं. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातून निघाली, बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिथे दाखला कुणी मागत नसे. भर उन्हात दिवसभर माती उपसायला जो तयार आहे तो गरजू, त्याची आणखी खात्री कशाला करायची? सावकाराचा मुलगा पाझर तलावावर घमेलं उचलायला येत नाही. आत्याबाईंच्या आईला खडी फोडताना तुझं उत्पन्न किती असं कुणी विचारलं नव्हतं. फक्त ही युक्ती चालायला अंगात बळ लागतं, आणि श्रावणबाळाच्या दारात उभ्या असलेल्यांकडे नेमकं तेच नसतं.

दाखला आम्हाला दोन आठवड्यांनी मिळाला. बारकोड, खाली तहसील कार्यालयाचा शिक्का, आणि मधे अक्षरी: रुपये वीस हजार मात्र. मुदत ३१ मार्चपर्यंत. पुढे हयातीचा दाखला असतो, तो दरवर्षी द्यावा लागतो. आत्याबाईंना तो अपमान वाटत नाही, गंमत वाटते. "मी जिती हाय ह्ये मीच जाऊन सांगायचं," असं म्हणून त्या हसतात. अर्ज अजून तालुका समितीपुढे जायचा होता. समितीचा अध्यक्ष कुणाचा माणूस आहे याची चौकशी बाहेरच्या चहाच्या टपरीवर आपोआप झाली.

परतीच्या एसटीत कंडक्टर आला. मी पूर्ण तिकीट काढलं. आत्याबाईंकडे त्याने एकदा बघितलं, यंत्राची दोन बटणं दाबली आणि अर्धं तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं. २०२३ च्या मार्चपासून बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे. पुढच्या सीटवर गळ्यात चार पदरी गंठण घातलेल्या एक बाई बसल्या होत्या, त्यांनाही अर्धंच. आत्याबाईंनी तिकिटाची घडी केली आणि पिशवीत दाखल्याच्या प्लॅस्टिकमध्ये, वीस हजारांच्या शेजारी, जपून ठेवली. पुढच्या थांब्यावर कंडक्टरने घंटी मारली आणि चढलेल्या बायकांकडे वळला.